वाडी दाखवल्याबद्दल आपले जाहीर आभार

राजमान्य राजेश्री सहल-संयोजक महोदय यांसी,

पेण मुक्कामाहून कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपलं नाव इथे घालत नाही. थोरांना प्रसिद्धीचा सोस नसतो, आणि आपल्या माहितीपत्रकावर ते सोनेरी अक्षरांत छापलेलं आहेच. पुण्यात शिकायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना शनिवार-रविवारी 'खरं खेडं' दाखवून आणण्याचं जे पुण्यकर्म आपण आरंभलं आहे, त्यातल्या माघातल्या सहलीला आपण मला दुभाषी म्हणून सोबत घेतलंत. मी पेणची. इथे वाढले, इथेच शाळेत शिकवते. माझाच मुलूख आपल्या मुखातून ऐकण्याचं भाग्य त्यामुळे लाभलं. ते उपकार मनात ठेवणं जड झालं, म्हणून हे जाहीर पत्र.

पहिले आभार त्या माहितीपत्रकाचे. पेण आणि रोहा म्हणजे 'काळ जिथे थांबला आहे असा प्रदेश', असं आपण लिहिलंत. काय ही दिव्य दृष्टी! कोकण रेल्वेचा मार्ग रोह्यापासून सुरू होतो आणि १९९८ पासून गाड्या तिथून पार मंगळूरपर्यंत धावतात. पेणचे गणपती बोटीत बसून अमेरिकेला आणि मॉरिशसला जातात. रोह्याला लागूनच धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथे रासायनिक कारखाने रात्रंदिवस चालतात. इतकं सगळं चालू असताना काळ थांबवायचा म्हणजे बसच्या खिडक्यांना पडदे लावावे लागतात. आपण ते लावलेत, ऊन लागतं म्हणून.

'इथल्या मुलांना बाहेरचं जग माहीत नसतं, तुम्ही त्यांना पहिल्यांदाच दिसणार आहात,' हेही आपण माइकवर सांगितलंत. पाहुण्यांना आपलं येणं मोठं वाटावं, ही आपली तळमळ मी समजू शकते. रोह्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते चिंतामणराव देशमुख याच जिल्ह्यातले. महाडजवळच्या नाते गावी १८९६ साली जन्मले, केंब्रिजच्या जीझस कॉलेजात निसर्गविज्ञान शिकले, आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले, १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावरून केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडले. घरापासून हजारो मैलांवर, परक्या भाषेत, वीस-बावीस वर्षांचं पोर कसं शिकतं, ते या जिल्ह्याने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलेलं आहे. बसमधली मुलं त्याच वयाची होती, त्याच अवस्थेतून जात होती. त्यांना देशमुखांची गोष्ट सांगायला पाच मिनिटंही लागली नसती. पण मग बाहेरचं जग न पाहिलेली मुलं कुठून आणायची, ही आपली अडचण झाली असती.

पेणला गणपतीच्या कारखान्यात आपण पाऊण तास दिलात, हे आपलं औदार्य. आत शिरलो तेव्हा जमिनीपासून माळ्यापर्यंत मूर्ती लागल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, रंगाचा थेंब नाही. त्या रांगांच्या टोकाला खिडकीखाली एक बाई आखणी करत बसली होती. मूर्ती मांडीशी धरायची, बारीक ब्रश पाण्यात बुडवून बोटावर टोक काढायचं, मग श्वास रोखून डोळ्याची वरची रेघ एका हातात ओढायची. रेघ पुरी होईपर्यंत ती बाई पापणी हलवत नव्हती. जर्मनीहून आलेली एक मुलगी तिच्याशेजारी उकिडवी बसली ती उठेचना. हे कधी शिकलीस, किती वर्षं करतेस, एका डोळ्याचे किती मिळतात, असे प्रश्न तिने मला विचारायला सांगितले. मी विचारणार तोच आपण टाळ्या वाजवून सगळ्यांना बाहेर बोलावलंत आणि सांगितलंत, 'हे लोक सणापुरतं हे काम करतात, बाकी वर्षभर शेती.'

माघ महिना होता, महोदय. भाद्रपदाला सहा महिने बाकी होते आणि कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. पेण, हमरापूर, जोहे या भागात हे काम बारमाही चालतं. परदेशी जायच्या मूर्ती बोटीने जातात, म्हणून त्या महिनोन्‌महिने आधी तयार लागतात. शाडू गुजरातेतून भावनगरकडून येतो, प्लास्टर राजस्थानातून. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली तेव्हापासून या भागातल्या घराघरात एकच चर्चा आहे: शाडूची मूर्ती जड होते, वाळायला वेळ घेते, वाटेत भंगते, आणि प्लास्टर तर पाण्यात विरघळत नाही, मग करायचं काय? त्या बाईचंही याबद्दल स्पष्ट मत होतं. पर्यावरण हा विषय शिकणाऱ्या मुली तिच्या समोर उभ्या होत्या. यापेक्षा चांगला तास त्यांच्या विद्यापीठात कोण घेणार होतं? आपण तो मोडलात. मुलांचा चहा गार होऊ नये, ही आपली काळजी!

पुढे खारेपाटातून बस नेलीत, त्याबद्दल तर मी आपली कायमची ऋणी. 'हिरवीगार, निवांत भातशेती,' असं आपण दाखवलंत. माघात खारेपाटात हिरवं काय असतं, हे मला आजवर माहीत नव्हतं. पावसाळ्याचं एक भातपीक निघालं की तिथली बरीच जमीन मोकळी पडते, कारण खाली खारं आहे आणि वर गोडं पाणी नाही. केनियाहून शेतीशास्त्र शिकायला आलेला मुलगा खिडकीचा पडदा सारून बघत होता. त्याने विचारलं, समुद्राचं पाणी इतकं जवळ असताना इथे भात पिकतो कसा? आपण म्हणालात, 'निसर्गाची कृपा.'

निसर्गाची कृपा असती तर तिथे कांदळवन असतं. ती जमीन माणसांनी खाडीकडून मागून घेतलेली आहे, मातीचे बांध घालून. भरतीचं पाणी आत येऊ नये आणि पावसाचं बाहेर जावं, म्हणून बांधाला उघाड्या ठेवायच्या. उधाणाला बांधाला खांड गेली की खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं जमीन हाताला लागत नाही. म्हणून खांड पडल्याची हाक आली की पूर्वी अख्खं गाव रात्री-अपरात्री चिखल उचलायला धावायचं. खारं सोसणारी भाताची वाणं काढण्यासाठी पनवेलला खास खारभूमी संशोधन केंद्र आहे. पनवेल १, पनवेल २ ही वाणं तिथलीच. हे सगळं मी त्या मुलाला मागच्या सीटवर बसून सांगितलं. त्याने वहीत उघाडीचं चित्र काढून घेतलं आणि त्यांच्या किनाऱ्यावर हे चालेल का, यावर आम्ही वडखळ येईपर्यंत बोललो. आपण वळून दोनदा माझ्याकडे पाहिलंत. त्या कटाक्षाचेही आभार. सहलीत माझं खरं काम काय आहे, ते मला तेव्हा उमगलं.

निवांत म्हणालात, ते मात्र मनाला लागलं. याच तालुक्यात, हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत, २१ सप्टेंबर २००८ रोजी शेतकऱ्यांनी मतदान केलं होतं. निवडणूक नव्हती. महामुंबई सेझसाठी आमची जमीन द्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो शेतकऱ्यालाच विचारा, अशी वेळ त्यांनी सरकारवर आणली होती. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका उन्हात रांगेत उभ्या राहिल्या आणि आलेल्यांतल्या बहुतेकांनी 'नाही' सांगितलं. तो सेझ तिथे उभा राहिला नाही. त्याच धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं आणि खारेपाटातल्या वाशी-शिर्कीकडच्या गावांनी पिण्याच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. राज्यशास्त्र शिकणारी तीन मुलं आपल्या बसमध्ये होती. ज्या शेतावरून त्यांची बस गेली, तिथला शेतकरी सरकारला आणि देशातल्या बलाढ्य उद्योगाला पुरून उरला होता, एवढं एक वाक्य त्यांना मिळालं असतं तर त्यांनी बस थांबवायला लावली असती. म्हणूनच, मला वाटतं, ते मिळालं नाही.

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल आपण काही बोलला नाहीत, आणि मीही बोलत नाही. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं काम २०११ मध्ये सुरू झालं, हे एवढंच पुष्कळ आहे. मुलं हादऱ्यांनी इकडून तिकडे जात होती आणि आपण त्याला 'ग्रामीण अनुभव' म्हणालात.

रात्रीचं वर्णन कोणत्या शब्दांत करू? कोलाडजवळच्या त्या रिसॉर्टवर आपण शेकोटी, डीजे आणि पनीर टिक्का यांची सोय केलीत. पुण्यात त्यांना रोज मिळतं ते इथेही मिळावं, पोरांना परकं वाटू नये, म्हणून केवढी ही धडपड! पण माघातली थंडी होती, वालाच्या शेंगा भरल्या होत्या, आणि कुंपणापलीकडच्या शेतात गावची पोरं पोपटी लावत होती. वास आल्यावर आपले पाच-सहा पाहुणे डीजे सोडून अंधारात तिकडे गेले. मी मागोमाग गेले.

मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, पुन्हा पाला, आणि तोंड पाल्यानेच गच्च बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा नि काटक्या पेटवल्या. एका पोराने भांबुर्डीचं पान चुरडून अमेरिकेच्या मुलीच्या नाकाशी धरलं. ती मागे सरली आणि मग तेच पान हातात घेऊन हुंगत राहिली. शिजलं की नाही हे कसं कळतं, असं तिने विचारलं. एकाने मडक्यावर पाण्याचे शिंतोडे मारले, ते चर्रकन उडाले. झालं, एवढंच. मडकं उघडलं तेव्हा वाफेत सगळ्यांचे चेहरे गेले. शेंगा सोलताना बोटं भाजत होती, कुणाला कुणाची भाषा येत नव्हती, आणि मला दुभाषीपणाचं काही कामच उरलं नाही. आपण माणूस पाठवून त्यांना परत बोलावलंत. कार्यक्रमपत्रिकेत पोपटी नव्हती ना.

रविवारी सकाळी कुंडलिकेवर राफ्टिंग. 'सह्याद्रीतली अनावर, रानटी नदी,' आपण लाइफजॅकेट बांधता बांधता म्हणालात. हे वाक्य टाटांच्या इंजिनिअरांना ऐकवायला हवं होतं. रोज ठरल्या वेळी जो लोंढा येतो आणि ज्यावर कोलाडचं राफ्टिंग बारा महिने चालतं, तो भिऱ्याच्या वीजघराने सोडलेल्या पाण्याचा. ते वीजघर १९२७ चं. त्याला पाणी येतं घाटावरच्या मुळशीतून: मुळेचं पूर्वेला जाणारं पाणी अडवून, डोंगरातून बोगद्याने पश्चिमेला खाली सोडलं, वीज मुंबईला गेली आणि पाणी कुंडलिकेला. आणि त्या धरणाखाली मावळ्यांची गावं गेली. १९२१ मध्ये त्यांनी सत्याग्रह केला. धरणाविरुद्ध शेतकऱ्यांनी केलेला तो जगातल्या अगदी आरंभीच्या लढ्यांपैकी एक. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी त्या लढ्याने दिली.

संध्याकाळी ताम्हिणी घाटातून पुण्याला परतताना आपली बस त्याच मुळशीच्या काठाकाठाने गेली. सकाळी ज्या पाण्यावर मुलं ओरडत-हसत उसळली, ते पाणी ज्यांच्या घरांवर उभं आहे ती जागा उजेड असेपर्यंत खिडकीतून दिसत होती. आपण तेव्हा अंताक्षरी लावलीत.

आता परतण्याआधीची वाडी. इथे माझ्या कृतज्ञतेला शब्द अपुरे पडतील अशी भीती होती, पण बरेच सापडले.

रोहा तालुक्यातली ती कातकरी वाडी आपण 'शहराचा स्पर्श न झालेली आदिम वस्ती' म्हणून दाखवलीत. उतरल्याबरोबर पाहिलं तर निम्म्या झोपड्यांची दारं काट्याच्या फांद्यांनी बंद. आत कुणी नाही. वाडीत राहिलेले म्हणजे म्हातारे, दोन आजारी माणसं आणि पोरं. एका घराच्या कुडावर मात्र पांढऱ्या रंगात टवटवीत वारली चित्रं होती, गोल फेर धरलेली, आणि रंग इतका ताजा की बोटाला लागत होता. ती आपण आदल्या आठवड्यात माणूस पाठवून काढून घेतली होती, हे पोरांनीच सांगितलं. मग तारपा वाजला.

वारली चित्रं डहाणू-तलासरी-जव्हारकडची, महोदय. जिव्या सोमा मशे यांनी ती जगात नेली, ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. तारपाही तिकडचाच. तिथून वादक आणून आपण त्यांना कातकऱ्यांच्या अंगणात नाचवलंत, आणि कातकरी म्हातारे बाजूला बसून हा काय प्रकार आहे ते पाहत होते. आदिवासी म्हटला की सगळे एकच, हे ज्ञान परदेशी मुलांना भारतात येऊन मिळावं याची आपण चोख व्यवस्था केलीत. मानववंशशास्त्र शिकणाऱ्या दोघींनी ते वहीत लिहूनही घेतलं. आता ते त्यांच्या प्रबंधात जाईल आणि तळटीपेत आमचा तालुका येईल.

नाच झाल्यावर एका आजीला आपण पुढे बसवलंत आणि माझ्याकडे वळून म्हणालात, 'तिला विचार, इथे ती सुखी आहे का?' मी विचारलं. आजी म्हणाली, पोरगा नि सून भट्टीवर गेलीत, धाकटी नात पण गेली, थोरली माझ्याजवळ ठेवली, पाऊस पडेल तेव्हा येतील. गेल्या साली उचल फिटली नाही, म्हणून त्याच शेठकडे जावं लागलं.

आपण हळूच मला सांगितलंत, 'हे नको सांगूस. छान राहते एवढंच सांग.'

मी सगळं सांगितलं. शब्द न गाळता. त्या एका वाक्याबद्दल नंतर आपण माझं अर्धं मानधन कापलंत. ठेवा ते पैसे. पण त्यानंतर जे घडलं ते मात्र आपल्याला पाहता आलं नाही, कारण आपण बसकडे निघून गेला होतात आणि हॉर्न वाजवत होतात. ते सांगणं माझं कर्तव्य आहे.

मुलं जमिनीवर बसली. उचल म्हणजे काय, त्यांनी विचारलं. आजीनेच सांगितलं, मी फक्त भाषा बदलली. पावसाळ्याच्या शेवटी घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाला पैसे देतो. दिवाळी झाली की जोडप्याने बिऱ्हाड घेऊन भट्टीवर जायचं. पहाटे माती कालवायची, दिवसभर विटा पाडायच्या. आठवड्याला पोटापुरती खर्ची. हिशेब पावसाच्या तोंडावर, आणि तो हिशेब शेठच्या वहीत. अंगावर काही राहिलं तर पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. मुलांपैकी एकाने फोन उघडून शनिवारी बसमधून काढलेला फोटो दाखवला: रस्त्याकडेची वीटभट्टी, धूर, डोक्यावर विटा घेतलेली बाई. सुंदर आला होता फोटो. आजीने फोन हातात घेऊन बाईचा चेहरा ओळखीचा आहे का ते पाहिलं.

मग त्या जर्मन मुलीने विचारलं, हे घर कुणाचं? आजी म्हणाली, घर माझं, जागा मालकाची. बाजूला सिमेंटचे खांब रोवून तारेचं कुंपण घातलेलं होतं. ते तिच्या चुलीपासून दहा-बारा हातांवर येऊन थांबलं होतं. पलीकडे फार्महाऊस होणार होतं.

महाराष्ट्रात ज्यांना विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणतात ते तीन: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. त्यातल्या कातकऱ्यांची रायगडातली पुष्कळ घरं अशी दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, आणि जमिनीला भाव आला की पहिलं कुंपण वाडीभोवती पडतं. भूदानाची हाक देणारे विनोबा आमच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, ११ सप्टेंबर १८९५ चा त्यांचा जन्म. १९५१ मध्ये पोचमपल्लीपासून देशभर पायी हिंडून त्यांनी भूमिहीनांसाठी जमीन मागितली. त्यांच्या शेजारच्या तालुक्यात एका म्हातारीच्या चुलीखालची जमीन तिची नाही. गांधीविचाराचा अभ्यासक्रम निवडलेल्या मुली त्या वाडीत होत्या. हे त्यांना आपल्याकडून कळलं असतं तर मी आपल्या पाया पडले असते.

आणि परदेशी माणसाने इथे यावं कसं, याचा नमुना शोधायला आपल्याला लांब जायला नको. डॅनियल बकल्स हे कॅनडाचे. राजीव खेडकर आपले. दोघांनी याच जिल्ह्यातल्या कातकरी वाड्यांतून वर्षानुवर्षं काम केलं. जागा कुणाची, धोका किती, काय केलं तर काय होईल, याचा अभ्यास वाडीतल्या माणसांबरोबर बसून केला. वाडीला गावठाणाचा दर्जा मागावा, हा मार्ग कायद्यात होता. तो लोकांच्या हाती यावा म्हणून ते झटले. २०१३ मध्ये त्याचं इंग्रजी पुस्तक झालं. ते पुस्तक त्या मुलांच्या ग्रंथालयात बहुधा असेलही. आपण त्यांना ते वाचायला सांगितलं असतं तर वाडीत पाऊल टाकताना त्यांचे प्रश्न तयार असते, आणि आपल्याला कुणाचा कुड रंगवावा लागला नसता.

मुलांचा यात दोष नाही, हे मी पुनःपुन्हा सांगते. ती ऐकायला आली होती. पैसे भरून, सुट्टी घालवून, खड्ड्यांतून आली होती. ऐकायला मिळालं तेव्हा त्यांनी ऐकलं. आजीची थोरली नात शाळेत जाते का, भट्टीवर गेलेल्या धाकटीची शाळा कुठे असते, हे एकामागून एक विचारत राहिली, आणि उत्तरं मिळाली तेव्हा गप्प झाली. त्यांच्या आणि त्या म्हातारीच्या मध्ये अडथळा एकच होता, आणि तो हॉर्न वाजवत होता.

आपल्या विद्वत्तेपुढे माझं काय चालणार, तरी काही विनंत्या कराव्यात म्हणते. विनंत्याच म्हणते, कारण पत्राची रीत आहे.

पुढची सहल आणाल तेव्हा आधी वाडीला विचारा. यावं का, कधी यावं, काय दाखवावंसं वाटतं आणि काय नाही. आषाढात आणलीत तर माणसं घरी असतात, लावणीत हात लागतात, मुलांना चिखलात उभं राहता येईल. खारेपाटात आणलीत तर ज्यांनी रांगेत उभं राहून 'नाही' सांगितलं त्या बायका अजून आहेत. त्यांना माइक द्या आणि आपण खाली बसा. ज्यांचा वेळ घ्याल त्यांना मजुरीच्या दराने पैसे द्या, गोळ्या-बिस्किटं नकोत. दुभाषाला बोलू द्या.

त्या वाडीतल्या पोरांचे फोटो माहितीपत्रकावरून उतरवा. विशेषतः धाकट्या भावाला कडेवर घेतलेल्या मुलीचा. तो छापण्याबद्दल तिच्या आई-बापाला आपण विचारलेलं नाही. विचारणार कसं, ते भट्टीवर होते.

जव्हारकडून आणलेल्या चौघा तारपावाल्यांची बिदागी अजून गेलेली नाही. त्यांचा मला निरोप आला. ती पाठवा, आणि जायच्या-यायच्या एसटीचे पैसेही.

आणि 'आदिवासी पाहुणचार' म्हणून दुपारी पानात जी कोंबडी वाढलीत ती आजीची होती. पैसे देतो म्हणून आपल्या माणसाने नेली. तिच्याकडे तीनच होत्या. बाजारात गावठी कोंबडीचा जो भाव असेल तो विचारून तेवढे तिला पोचते करा, चालू आठवड्यात. आपल्याला वाट वाकडी होत असेल तर माझ्याकडे द्या, मी रविवारी वाडीवर जाणार आहे.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
अर्ध्या मानधनावरची दुभाषी, पेण